कागद हातात घे

"घेणार नाही म्हणजे नाही!" चिमणीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान उडवली. ऑफिसचा शिपाई लिफाफा पुढे धरून तसाच उभा राहिला. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. तिथली रीतच होती ती. वरून कागद आला की त्याला हात लावायचा नाही. घेतलाच नाही, तर तो लागू कसा होईल?

सगळ्यांत जुनी म्हणून जिला सगळ्या थोरली म्हणत, ती इस्त्रीच्या यंत्रामागून पुढे आली. "चिमणे, घे तो."

टाळ्या बंद पडल्या.

"तू गं कधीपासून साहेबाची झालीस?" घड्या घालणारी एक कडाडली. "तुझ्या नवऱ्याने तर असला कागद तोंडावर फेकला होता!"

"फेकला होता. म्हणूनच सांगते. चिमणे, घे. आणि खाली लिही, कागद मिळाला, मजकूर मान्य नाही. तारीख घाल. वेळ घाल."

चिमणी रडकुंडीला येऊन लिहू लागली. कागदातला आरोप असा होता, की परवानगीशिवाय यंत्र सोडून ती अंगणात जाऊन बसली. हे सिद्ध झालं की घरी.

थोरलीचा नवरा पूर्वी एका गिरणीत पंप चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने कागद फेकला, तेव्हा गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं आणि थोरलीने गोडधोड केलं. तिकडे गिरणीत मात्र त्याच्यावाचून चौकशी उरकली. बोलावूनही आले नाहीत, असा शेरा पडला आणि नोकरी गेली. आता तो एका इमारतीच्या फाटकावर बसायचा. त्या गोडधोडाचा थोरलीला अजून संताप यायचा.

म्हणून गेलं वर्षभर ती दर रविवारी कामगार कायद्याच्या वर्गाला जात होती. कामगार न्यायालयातले एक निवृत्त कारकून सुताराच्या दुकानात तो फुकट घ्यायचे. आठवीत शाळा सुटलेली बाई. पहिले तीन रविवार तिला 'कामगार' या शब्दाची व्याख्याच पुरली, आणि ती लिहिताना ती दोनदा पेंगली. पण कागद घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे ऐकलं आणि तिची झोप कायमची उडाली.

चौकशीच्या दिवशी ती चिमणीशेजारी खुर्ची ओढून बसली.

"ही कोण?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"सोबतीण. कामगाराला आपल्यातलं कुणीतरी बरोबर आणता येतं."

"कुठल्या नियमात आहे?"

"तुम्हीच भिंतीवर लावलाय, साहेब. फक्त पुढे कपाट ठेवलंय."

बाहेरून आणलेल्या चौकशी अधिकाऱ्याने कपाट सरकवायला लावलं. नियम होता. जाळ्यांसकट होता.

मुकादमाने साक्ष दिली. बाई अंगणात बसली होती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग प्रश्न विचारायची पाळी थोरलीची आली. तिचा आवाज ठणठणीत निघाला.

"त्या दिवशी वाळवणीच्या खोलीतला हवा ओढणारा पंखा चालू होता का?"

मुकादमाने साहेबांकडे पाहिलं.

"तिकडे नको. इकडे बघून सांगा, दादा."

"...बंद होता."

"किती दिवस?"

"अकरा."

"ही बाहेर बसली ती कशी? पाय पसरून गप्पा मारत?"

"नाही. चक्कर आली होती. मीच पाणी दिलं," मुकादम पुटपुटला. साहेबांनी कपाळावर हात मारला.

अधिकाऱ्याची लेखणी थांबली होती.

"लिहा ना," थोरली म्हणाली.

"हे मूळ आरोपात येत नाही, बाई."

"उत्तरात येतं. ते लिहिल्याशिवाय आमची सही मिळायची नाही. कामावर परत जाईन तर हे लिहून घेऊनच जाईन."

तिचीही नोकरी आता टांगणीला लागली होती, हे तिला पुरतं कळत होतं. लागू दे, तिने मनात म्हटलं. अधिकाऱ्याने लिहिलं. तिने ओळीवर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला, आणि मगच चिमणीला सही करू दिली.

निकाल अजून यायचा होता. संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. पंख्याचं ऐकून तो हसला. मग त्याने चहाचा कप बाजूला ठेवला.

"मी तेव्हा तो कागद घेतला असता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसाशी तिला खोटं बोलवेना.

"काढलं असतंच कदाचित त्यांनी. पण तुम्हाला विचारावं तरी लागलं असतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं मी." तो पुढे सरकला. "सगळं पाठ होतं गं माझं. नऊ वर्षं पाठ आहे."

थोरलीने वर्गाच्या वहीचं कोरं पान काढलं आणि वर आजची तारीख घातली.

"सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मी लिहून घेते."