तांड्याला दिलेला शब्द

हे सगळं घडलं १९५७च्या श्रावणात. बाभुळगावच्या पलीकडे जनपद सभेच्या सरकारी शाळेत मी शिकवत होते. जवळच्या बंजारा तांड्यातल्या सहा मुली घरोघर बसून, चहा पिऊन, विनवण्या करून मी शाळेत आणल्या होत्या. आयांची अट एकच होती, तीजेच्या दिवसांत पोरींना अडवायचं नाही. तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात आणि सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत विहिरीचं पाणी आणून घालतात. मी हो म्हटलं होतं.

त्याच सुमारास भगवानराव हे नवे हेडमास्तर आले. आल्याआल्याच फळ्यावर त्यांचा हुकूम लागला: पंधरा ऑगस्टसाठी रोज सकाळी सातला कवायत, न येणाऱ्याचं नाव कमी. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

"सांगा आता तांड्यात," चौथीचे बापूजी गुरुजी मला म्हणाले. "मी त बा याच्यापुढे कोनाले खडूचा तुकडाही कबूल करत नाई."

दुसऱ्या दिवशी सहापैकी एकही मुलगी आली नाही. मी तडक हेडमास्तरांसमोर उभी राहिले.

"सर, मी त्यांच्या आयांना शब्द दिलाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ते टोपी डोक्यावर घालून उठले. "चला. हुकूम माझा, तर तोंडही मीच दाखवतो."

तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या अंगणात टोपल्यांभोवती बायका-पोरी जमल्या होत्या. त्या सहांतल्या बिजलीची आई लालीबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"बाई, तुमी हो म्हनलं होतं नं? मंग पोरीचं नाव काहून कापून राह्यले? आता कोनावर भरोसा ठेवाव आमी?"

भगवानरावांनी टोपी काढली. "बाईंचा शब्द खराच होता. मी कोणाला न विचारता ठरवलं. चुकलं माझं."

"मंग आता कसं?"

"आता बाई ठरवतील."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! मी कशीबशी म्हणाले, "पोरी पाणी घालून अकराला येतील. कवायत मधल्या सुट्टीनंतर घेऊ."

"ठरलं," भगवानराव म्हणाले.

तेवढ्यात पोरींनी त्यांच्यावर आपल्या गोर बोलीत गाणंच रचलं. बायका हसून लोटपोट.

"काय म्हणताहेत?" त्यांनी विचारलं.

"मास्तरच्या टोपीत गहू पेरू म्हंते!" लालीबाई म्हणाली.

त्यांनी टोपी उलटी करून पुढे धरली. "पेरा!" बिजलीने खरोखर मूठभर गहू टाकले.

दुसऱ्या दिवशी सहाही मुली अकराला हजर. हेडमास्तरांनी फळा पुसला आणि आम्हा शिक्षकांना बोलावून एकेकाचं मत विचारलं. "मले नका विचारू, मले सवय नाई," असं म्हणून बापूजी तासभर बोलले.

पुढे बापूजी बदली नाकारत त्याच शाळेतून निवृत्त झाले. लालीबाईने पुढच्या वर्षी आपल्या दोन भाच्या स्वतः आणून बसवल्या. बिजली नर्स झाली आणि झरी जामणीकडे बरीच वर्षं राहिली. भगवानराव अमरावतीला वारले. बातमी कळताच तांड्यातली माणसं बैलगाडी जुंपून निघाली होती. मी लोहाऱ्याला मुख्याध्यापिका झाले. पहिल्याच बैठकीत एक तरुण शिक्षक म्हणाला, "बाई, तुम्हीच ठरवा, म्हणजे लवकर सुटू." सगळ्यांत आधी मी त्यालाच बोलायला लावलं.