दोन खिडक्यांना एकच कपडा

रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम चालायचे. एक म्हातारा, राखाडी, चौकोनी बटणांचा. त्यात तपासून तयार झालेल्या पिशव्या. दुसरा नवा, निळा, गोल कोपऱ्यांचा. त्यात तपासणी बाकी असलेल्या. तंत्रज्ञ ताई नाव कधी वाचतच नसे. राखाडी दिसलं की हात पुढे, निळं दिसलं की हात मागे.

मग मुख्य कचेरीतून प्रोग्रामांना रंगरूप देणारा एक देखणा रंगारी आला. शर्टाला सुरकुती नाही, हाताला घट्टा नाही. पडद्याकडे बघून त्याने नाक असं मुरडलं, जणू कुणी ताटात पायताण वाढलं होतं.

"ही दोघं एका घरची वाटत नाहीत."

"नाहीतच," ताई म्हणाली. "एक तपासलेलं, एक न तपासलेलं."

"आता एकसारखी करतो. सवय होईल, ताई."

आठ दिवसांत दोन्ही निळे, दोन्ही गोल. नावाची पट्टी डोळ्यांना बोचते म्हणून तीही फिकट, धुक्यात धुकं मिसळावं तशी. आपल्या करामतीवर स्वारी इतकी खूश, की स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीतून नर्स धावत आली. "बाळंतीण आहे, ताई. दोन पिशव्या, लवकर."

ताईचा हात सवयीने चालला. समोर उघड्या असलेल्या निळ्या प्रोग्राममधून नंबर काढला, फ्रीज उघडला, पिशवी उचलली. चिठ्ठी लावताना दिसलं, पिशवीवर तपासणीचा शिक्काच नाही. ती पिशवी परत गेली, दोन तपासलेल्या निघाल्या, नर्स पळाली. 

मग ताईने रंगाऱ्याला बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. "तयार पिशव्यांचा प्रोग्राम कुठला, दाखवा."

"हा."

"नाही."

"मग तो."

"दोनच आहेत म्हणून जमलं. वाचून दाखवा."

त्याने पडद्याला नाक टेकवलं. "जरा फिकट आहे."

"जरा."

"पण जुनं परत आणलं तर पडदा कुरूप दिसेल."

"दिसू दे. त्याला मागणी घालायला इथे कुणी येत नाही. लागा कामाला, मी इथेच उभी आहे."

तासाभरात राखाडी परत आलं. सुंदर माणसाचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"वरच्यांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा, तुम्हीच पहिल्या झटक्यात चुकीच्या प्रोग्रामवर बोट ठेवलंत."

त्याच्याकडे पाठ करून तिने फोन उचलला. "ताई बोलतेय. बाळंतीण कशी आहे?"

"दुसरी पिशवी चढतेय," पलीकडून नर्स म्हणाली. "शुद्धीवर आली. बाळ दाखवा म्हणतेय."