यंत्राची आंघोळ

शिंपिणीचा नवरा टँकरवर होता. रस्त्यांवर पाणी मारायचं, दुभाजकातली झाडं धुवायची, असलं सरकारी काम. माणूस इतका गरीब, की रस्त्यात मांजर झोपली असली तर हॉर्न न वाजवता तिला उठायची सवड द्यायचा. असल्या माणसावर संशय घ्यायचा कुणी?

त्यांची लेक भुंगी. छातीत सारखा भुंगा गुणगुणायचा म्हणून हे नाव. आईला ते आवडत नसे, पण अशी नावं विचारून थोडीच पडतात! कारखान्यांना लागून वस्ती असल्यामुळे गल्लीत घरटी एक खोकला होताच. दारात कोण आलंय ते लोक खोकल्यावरून ओळखत. भुंगीचं मात्र नुसत्या खोकल्यावर भागत नसे. तिला धापच लागायची.

हवा चांगली की वाईट ते रंगाने दाखवणारा फलक चौकात लागला तेव्हा शिंपिणीला हायसं वाटलं. फलक हिरवा असला की खिडक्या उघडायच्या, पोरीला खेळायला सोडायचं. लाल असला की दारं लावून बसायचं. टँकर चौकातून गेला की नवरा न चुकता फोन करून रंग कळवायचा. रंग बहुतेक हिरवाच. आणि नेमक्या हिरव्या दिवशी भुंगीचे ओठ निळे पडायचे.

"बाहेरची हवा चांगली आहे, ताई," डॉक्टर म्हणाले. "घरातलंच काहीतरी असणार. शिवणकाम करता ना? कापडाचे तंतू जातात छातीत."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान डोलावली. त्याच आठवड्यात त्याने शिलाई मशीन उचलून आपल्या बहिणीकडे नेऊन टाकलं. शिंपिणीने उलट दार उघडून धरलं. आपणच पोरीचा श्वास कोंडला म्हटल्यावर अडवणार कोणत्या तोंडाने?

उरलेलं कापड नणंदेला द्यायला ती एकदा मागच्या रस्त्याने निघाली. तिथे कुंपणात हवा मोजायचं यंत्र होतं. फलकावरचा रंग तिथूनच यायचा. रस्ता सगळा कोरडा ठणठणीत, आणि यंत्राभोवती तेवढा पाऊस! टँकरवर उभा राहून तिचा नवरा नळीने फवारे उडवत होता, कोपरान् कोपरा भिजवत. घरातली एक बादली कधी अशी निगुतीने भरली नव्हती त्याने.

"वहिनी, बघा मालकांची सेवा!" कोपऱ्यावरचा चहावाला ओरडला. "रोज दोनदा आंघोळ घालतात यंत्राला."

"कशाला?"

"धूळ खाली बसते ना! यंत्राला वाटतं, आपण डोंगरावर राहतो." चहावाला हसला आणि हसता हसता खोकत सुटला.

संध्याकाळी नवऱ्याने काही नाकारलं नाही. "वरून सांगतात तिथं पाणी मारायचं. नोकरी आहे माझी."

"नोकरीचं नाही विचारत मी. डॉक्टर माझ्या चिंध्यांना नावं ठेवत होते, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

त्याने चपला काढून भिंतीशी सरळ लावल्या. "तुला सांगितलं असतं, तर तू गल्लीभर केलं असतंस."

"केलंच असतं!"

"मग?" तो म्हणाला, खटला जिंकल्यासारखा.

"आणि रोज फोन करून हिरवा, हिरवा..."

"फलक हिरवाच होता. एकदाही खोटं बोललो नाही मी."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. केसाने गळा कापायचा आणि वर केस स्वच्छ होता म्हणून सांगायचं!

"बरं, मग खरा रंग सांगा. पाणी मारायच्या आधीचा."

"मला काय माहीत? आधी कधी कुणी बघितलंच नाही."

तेवढ्यात भुंगी दारात आली, चौकटीला धरून, खांदे वरखाली होत. "बाबा," दम घेत ती म्हणाली, "उद्या जाऊ का खेळायला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. कुठेही अडला की तो असाच पाहायचा, आणि ती त्याला सोडवायची. या वेळी ती हलली नाही.

"बोला. तुमची पोरगी विचारतेय."

तो भुंगीकडे वळला.

"आईला विचार," तो म्हणाला.