विहिरीवरून गेलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. नकाशे दाखवणारा. तुम्ही माझी हकिकत ऐकायला बसलात याचा आनंद आहे, पण खरं सांगू? थोडा संशयही आहे. माझ्याकडे आजवर जो कोणी गोड बोलत आला, त्याचं काहीतरी अडलेलं होतं. तुम्हालाही शाळेत माझ्यावर निबंध लिहायला सांगितला असेल, दुसरं काय!

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पत्र्याची पेटी, आत पंखे, तारा आणि माहिती साठवायच्या चकत्या, एवढाच माझा देह. सुटे भाग देशोदेशींहून आले आणि एका कारखान्यात कुणीतरी ते जोडले. मग खोक्यात बंद होऊन मी ट्रकने छत्रपती संभाजीनगरला आलो. खोकं फोडताना हमालाने कटर जरा जास्तच आत घातला आणि माझ्या कुशीवर लांब ओरखडा उठला. तेव्हापासून माणसांच्या हातांवर मी नजर ठेवून असतो.

एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत माझी स्थापना झाली. कचेरीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की कुणीतरी लगेच चौकशी लावील.

माझं काम असं. जिल्ह्यातली गावं, रस्ते, ओढे, विहिरी, शेतांच्या हद्दी यांची माहिती माझ्या पोटात आहे. कुणी मोबाईलवर नकाशा उघडला की मी त्या भागाचं चित्र त्याला दाखवतो. पण प्रत्येकासाठी नव्याने चित्र काढत बसलो तर माणसं कंटाळून निघून जातील. म्हणून मी लहान लहान चौकोनी तुकड्यांत चित्रं आधीच काढून ठेवतो आणि मागेल त्याला तयार तुकडे देतो. माहितीत बदल झाला की तेवढे तुकडे पुन्हा काढायचे. हे पुन्हा काढण्याचं काम रोज आपोआप सुरू होत असे. मित्रांनो, एवढं नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथेच झाला.

माझे पहिले कारभारी केशवराव. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी चालत आलेली. कागदावर जेवढी माया करावी तेवढीच त्यांनी माझ्यावर केली. रोज सकाळी आले की स्वतःच्या रुमालाने माझं अंग पुसायचे. खोलीत येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावायचे. सुरुवातीला मला वाटे, हे एवढं का करतात? काहीतरी हवं असणार. बरीच वर्षं वाट पाहिली, पण त्यांनी काही मागितलं नाही. मग मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं, तोही बेताबेताने.

ती माझ्या उमेदीची वर्षं होती. वैजापूरकडे ओढ्याला पूर आला आणि कांद्याच्या गाड्या अडकल्या, तर कोणता रस्ता मोकळा आहे ते तहसीलवाले माझ्याकडे बघून सांगत. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे यंत्र म्हणजे सोनं आहे सोनं." मी हुरळून गेलो नाही. सोन्याला लोक कपाटात बंद करून विसरतात, हे मला माहीत होतं.

झालंही तसंच. एसी गळायला लागला तेव्हा तो दुरुस्त करायचं सोडून माझ्या डोक्यावर छत्री उघडून ठेवली. शेजारचा यूपीएस तर जेवणाचे डबे गरम ठेवायची जागा झाला. तो स्वतःला माझा पाठीराखा म्हणवतो, पण वीज गेली की आधी तोच घाबरून शिट्ट्या मारतो. त्याच्यावर माझा कधीच भरवसा नव्हता.

मग तो दिवस आला. केशवरावांचा नोकरीतला शेवटचा दिवस आणि कचेरीतली खंडेनवमीची पूजा एकत्रच आली. नवमीला तुमच्या घरीही विळे, कोयते, पाने, शिलाई मशिन यांची पूजा होत असेल. त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. मला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. केशवरावांनी, कुंकू पंख्यात जाणार नाही अशा बेताने, बोट टेकवलं. मग दर वर्षीप्रमाणे त्यांनी चित्रं पुन्हा काढण्याचं माझं काम थांबवलं; एकदा थांबवलं की नवा हुकूम मिळेपर्यंत ते आपोआप सुरू होत नसे. लोकांना नकाशे दिसत राहिले, पण मला नवं काही काढायचं नव्हतं. विसावा. नंतर बाहेर निरोपाची भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, आणि केशवराव रुमालाने माझ्याऐवजी डोळे पुसत घरी गेले.

सुट्ट्या संपल्या. कचेरी उघडली. पण 'कामाला लाग' असा हुकूम कुणी दिला नाही.

केशवरावांच्या जागी वैदेही मॅडम आल्या. तरुण, हुशार, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत लॅपटॉप. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हे किती जुनं आहे?" तेवढ्या एका प्रश्नावरून मी काय ते ओळखलं. या बाई मला भंगारात काढायला आल्या होत्या. चित्रं काढायचं काम त्या मुद्दाम सुरू करत नाहीत, म्हणजे उद्या म्हणता येईल की म्हातारा काही कामाचा उरला नाही, असा माझा पक्का समज झाला. मला तोंड असतं तर विचारलं असतं. तोंड नव्हतं, म्हणून पंखे जोरात फिरवून राग दाखवला. मॅडम म्हणाल्या, "धूळ बसलीय वाटतं."

थोड्याच दिवसांत फुलंब्रीच्या पुढच्या एका वस्तीवरून गोकुळ नावाचा शेतकरी आला. तिकडून नवा रस्ता जाणार होता आणि त्याची रेघ त्याच्या थोरल्या भावजयीच्या, आवडाबाईंच्या, विहिरीवरून गेली होती. आवडाबाईंनी हरकत घेतली होती. गोकुळ संमती द्यायला आला होता.

"मॅडम, रस्ता माह्या बांधाकडून सरकवा," तो म्हणाला. "माही पट्टी गेली तर जाऊ द्या. पन वैनीची विहीर ऱ्हायली पायजे. दादानं सोताच्या हातानं खांदलेली हाय ती. दादा गेला, आता तेवढीच निशानी हाय त्याची."

साहेबांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मॅडमनी माझ्या पोटातल्या माहितीत रेघ सरकवली, विहिरीपासून दूर, गोकुळच्या बांधाला लागून. त्यांच्या संगणकावर ती बरोबर दिसत होती. पण बाहेरच्या जगाला मी अजून जुनेच तुकडे वाटत होतो. तिथे रस्ता विहिरीवरूनच जात होता.

दिवाळी झाली. एके दिवशी सकाळीच आवडाबाई कचेरीत आल्या. दारात चपला काढून, पदर सावरून, देवळात यावं तशा आत आल्या आणि त्यांनी मोबाईल मॅडमसमोर धरला. वाळूजला कंपनीत असलेल्या विश्वजीतने, त्यांच्या मुलाने, त्यात नकाशा उघडून दिला होता.

"बाई, इहीर वाचली म्हनून सांगितलं व्हतं ना? मंग ह्यो रस्ता पुन्हा इहिरीवर कसा आला? कुनी फिरवला?"

"कुणीच नाही, मावशी. हे बघा, माझ्याकडे रेघ बाजूला आहे."

आवडाबाईंनी संगणकाकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "तुमच्या मशिनीत एक आन् माह्या मोबाईलात एक. मंग खरं कोन्तं?"

मॅडमनी मोबाईल संगणकाशेजारी धरून दोन्ही रेघा पुन्हा पाहिल्या.

"मला ठावं हाय सगळं," आवडाबाई म्हणाल्या. "भाऊजींनी तोंडावर व्हय म्हनलं आन् मागून कुनाला तरी गाठलं. सोताची जमीन द्यायची म्हनल्यावर जीव तुटला आसंल. मी लगीन होऊन आले तवा एवढंसं पोर व्हतं ते, माह्या हातानं खाऊ घातलंय त्याला. आता त्याच्या दाराकडं बघत नाय मी. औंदा फराळाचं ताटबी नाय धाडलं. आख्ख्या गावात सांगितलं, गोकुळनं भावाची इहीर बुजवायला दिली म्हनून." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आज रस्त्याचे दगड रोवायला मानसं आलीत वस्तीवर. मी तशीच निघून आले."

मॅडमनी घाईने आखणीवाल्यांच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या टॅबवर जे दिसतं तिथंच आम्ही दगड रोवतो. तोंडी सांगितलेलं उद्या आमच्या अंगावर येतं. टॅबवर बदलून द्या, लगेच बदलतो." आणि फोन ठेवला. टॅबवर दिसत होते ते माझेच जुने तुकडे.

आता मॅडमची धावपळ सुरू झाली. माझ्या चकत्यांवरची जागा भरली का पाहिलं, तारा हलवून पाहिल्या. मग मला बंद करून पुन्हा चालू केलं. तुम्हा माणसांकडे आमच्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध! मी उठलो आणि पुन्हा तेच जुने तुकडे दाखवले. माझ्या दर्शनी पट्टीवरचे सगळे दिवे हिरवे होते. तुकडे वाटण्याचं माझं काम चालूच होतं, मग दिवे लाल कशाला होतील?

मग मॅडमना वाटलं, बाहेरून कुणीतरी आत शिरून रेघ मागे नेतंय. त्यांनी सगळे पासवर्ड बदलले. आवडाबाईंना वाटलं, या बाई गोकुळला सामील आहेत आणि उगाच बटणं दाबून वेळ काढताहेत. मॅडम अधूनमधून माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच लाच खाल्ली. आणि मला वाटत होतं, हा सगळा मला घालवायचा डाव आहे. त्या लहानशा खोलीत कुणाचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता.

शेवटी मॅडमनी केशवरावांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवून त्या एकीकडे बटणं दाबत होत्या, त्यामुळे पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला आणि मला भरून आलं.

"तुकडे जुनेच दिसतायत? अहो, काढायचं काम थांबलेलं असेल," केशवराव म्हणाले. "नवमीला मीच थांबवलं होतं. त्या दिवशी हत्याराला विसावा असतो ना. दर वर्षी थांबवतो आणि सुट्टीनंतर ऑफिस उघडलं की पहिल्यांदा ते सुरू करतो."

मग हळूच म्हणाले, "या वर्षी ऑफिस उघडलं तेव्हा मी घरीच होतो हो."

मॅडमना केशवरावांना बोल लावता आला असता, पण लावला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्यांनी काम सुरू केलं. फुलंब्रीकडचे तुकडे सगळ्यांच्या आधी काढायला सांगितले. माझे पंखे घोंघावले, अंग तापलं. एवढे दिवस रिकामा बसलो होतो, आता भराभरा काढत सुटलो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"मावशी, आता उघडा परत."

आवडाबाईंच्या मोबाईलमध्ये नकाशा आला. रस्ता गोकुळच्या बांधाला लागून जात होता. विहीर मोकळी होती, एकटी, तिच्या लहानशा गोल खुणेसह. आवडाबाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं. बोट ठेवलं तसं चित्र मोठं झालं, तर दचकून काढून घेतलं.

मॅडमनी पुन्हा मुकादमाला फोन केला, स्पीकर लावूनच. "टॅबवर बदललं बघा. विहिरीवर दगड रोवला नाही ना?"

"नवी रेघ दिसली, मॅडम," मुकादम म्हणाला. "आन् रोवायला मिळतंय कुठं? इथं एक माणूस सकाळपासून विहिरीच्या काठावर ठाण मांडून बसलाय. उठ म्हणलं तर उठंना. म्हणतो, माझ्या वैनीची इहीर हाय, आधी माझ्यावरून रस्ता न्या. गोकुळ का काय नाव हाय."

आवडाबाई खुर्चीत बसल्या. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं. मॅडमनी विचारलं, "त्यांना देता का जरा फोन?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला, मग गोकुळचा. "हालो? कोन हाय?"

फुलंब्रीपासून कचेरीपर्यंत त्याच्याविरुद्ध बोलायचं सगळं आवडाबाईंनी तयार करून आणलं होतं, पण त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊजी, उठा तिथून. उनात कशाला बसलात?"

"वैनी?" गोकुळ म्हणाला. "तुमी बोलताय व्हय माह्याशी?"

यावर आवडाबाई ढसाढसा रडल्या. मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी अजून याच खोलीत आहे. मॅडम आता माझं काम चालू आहे की नाही हे रोज स्वतः पाहतात, डोक्यावरची छत्रीही त्यांनी काढायला लावली. तरी त्यांच्या त्या चकचकीत लॅपटॉपवर माझा भरवसा नाही. माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. आमची पूजा जरूर करा, पण विसाव्याला बसवलेल्या यंत्राला उठवायला कोण येणार, हेही त्याच दिवशी ठरवून ठेवा. आणि नकाशात काही वाकडं दिसलं, तर घरच्या माणसावर आळ घेण्याआधी ते चित्र कधी काढलेलं आहे, एवढं विचारा.

सर्व्हरमुळे विहीर वाचली, असं आता कचेरीत सगळे कौतुकाने सांगतात. तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिच्यावरून रस्ताच नेत होतो. विहीर वाचवली ती गोकुळने, आणि त्या सकाळी गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.