घरी बसवलं

"मला घरी बसवलं," तो दारातूनच म्हणाला, आणि बायकोने शिलाई मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

"का? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही केलं."

"काही केल्याशिवाय कोणी घरी बसवतं का? एवढी वर्षं तिथं पाय मोडून घेतलेत, आणि..." मांडीवरचं कापड तिने डोळ्यांना लावलं. मग ते गिऱ्हाइकाचं आहे हे लक्षात येऊन झटकन खाली ठेवलं.

"अगं, काढलं नाही मला. घरी बसून काम करायला सांगितलंय."

"मग तसं सांगा ना! जीव गेला माझा. घरी बसवणं वेगळं आणि घरी बसून काम वेगळं."

"मला तरी कुठं कळलं होतं?" तो बूट काढत म्हणाला. "साहेबीणबाई म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही घरी बसा. मी सगळ्यांचा निरोप घेतला. झाडूवालीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. जिन्याशी पोचलो तेव्हा मागून हाक आली, अहो, कॉम्प्युटर न घेताच निघालात की!"

बायको हसली. हसता हसता तिने पुन्हा तेच कापड डोळ्यांना लावलं.

पाय

तो चित्रांच्या म्युझियममध्ये रखवालदार होता आणि तिथे सगळे त्याला खांब म्हणत. नदीच्या दालनात तो इतकी वर्षं उभा होता की आलेले लोक त्याला खांबाला घालावा तसा वळसा घालून पुढे जात. दालनात एकच चित्र. भिंतभर नदी, मळकट पिवळं पाणी, आणि पार पलीकडच्या काठाशी नखाएवढी होडी. होडीत वल्हं धरून एक माणूस उभा. बहुतेकांना तो माणूस दिसत नसे. खांबाला दिसे. दोघंही ड्यूटीवर होते.

मग पायांच्या शिरा फुगल्या. डॉक्टरांनी पोटरीवर बोट दाबलं, आणि दाबलेला खड्डा भरून यायची वाट बघत बसले. तो काही लवकर भरून येईना. "उभं राहणं बंद," ते म्हणाले. त्याच सुमाराला म्युझियमने दालनांत कॅमेरे लावले होते. घरी कॉम्प्युटरवर दालन बघत बसायचं, काही वावगं दिसलं की ऑफिसला फोन करायचा. आणि अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उगवेल, तो लगेच बोटाने दाबायचा. रखवालदार जागा आहे एवढं ऑफिसला कळावं म्हणून.

आता गंमत अशी की उभ्या उभ्या त्याचा डोळा कधी लागला नव्हता, पण बसला की संपलं. बसमध्ये बसला की शेवटच्या थांब्यावर त्याला ड्रायव्हर उठवायचा. न्हाव्याकडे मान कलायची आणि कल्ले वरखाली व्हायचे. दाताच्या डॉक्टरकडे तर दात उपटून झाला तरी हा जागा झाला नव्हता. डॉक्टरच घाबरले.

जेवणाच्या टेबलापाशी लाकडी खुर्ची ओढून तो पहिल्या दिवशी कामाला बसला. कॅमेऱ्यातून, वरून दिसणारी नदी त्याला अनोळखी वाटली. जणू कोणी तिला आडवं निजवलं होतं. होडी एवढी बारीक की पडद्यावर तिथे काहीच नव्हतं. पण ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो त्या जागेकडे टक लावून बघत राहिला, बघत राहिला, आणि पाणी जरा हललं असं त्याला

वाटलं तेव्हा फोन वाजत होता.

"काका, चार ठिपके गेले," साहेबीणबाई म्हणाल्या. वयाने त्या लहान होत्या, बोलायला चांगल्या होत्या. "मला वाईट वाटतं हो सांगताना. पण असंच चाललं तर नदीचं दालन बाहेरच्या कंपनीला द्यावं लागेल."

"ते कोणाला बसवतील?"

"कोणाला नाही. त्यांच्याकडे यंत्रच बघतं."

त्याने फोन ठेवला. यंत्र बघेल, म्हणजे कोणी हात लावला तर बघेल. कोणी हात लावत नसेल तेव्हा? नदीकडे दिवसभर बघणारं मग कोण उरलं?

पाठ

"चूक झोपेची नाही भाऊजी, खुर्चीची आहे," मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. घरूनच कसले कसले हिशेब करायचा आणि स्वतःच्या खुर्चीबद्दल लोक मुलांबद्दल बोलतात तसं बोलायचा. "अवघडलेलं अंग झोपेची वाट धरतं. आरामात बसलेला माणूस टवटवीत राहतो."

"मी आरामात बसलो की गेलोच."

"तुम्ही आजवर आरामात बसलाच नाहीत. टेकलात फक्त. चला."

दुकान लांबलचक होतं. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच आणि आत खुर्च्याच खुर्च्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, जणू सभा सुरू व्हायची आहे आणि वक्ता अडकून पडलाय. दुकानवाल्या बाईंचा चष्मा गळ्यात दोरीला लोंबत होता. त्यांनी आधी खुर्चीकडे नाही, त्याच्या पायांकडे पाहिलं.

"काम काय करता?"

"बघतो."

"काय बघता?"

"काही होत नाहीये ना, ते बघतो."

बाईंनी चष्मा लावला. "म्हणजे मान टेकायला हवी तुम्हाला."

"मान टेकली की मी गेलो."

"अगंबाई! कुठं?"

"झोपेत हो, झोपेत," मेहुणा घाईने म्हणाला.

पहिली खुर्ची जाळीच्या पाठीची होती. पाठीला वारा लागतो, उन्हाळ्यात बरी, बाई सांगत होत्या, आणि हा पाठीमागचा उंचवटा कमरेच्या खळगीत बसला पाहिजे, वर नाही, खाली नाही, बघा, आता कसं

गार वाटतं. पाण्यावरून वारा येतोय. तो नदीच्या अलीकडच्या काठावर उभा आहे, युनिफॉर्ममध्ये, आणि बूट ओले झालेत.

"भाऊजी!"

दुसरी खुर्ची काळी, चामड्याची, साहेबी. तिच्यात तो असा रुतला की मेहुण्याला नुसतं त्याचं टक्कल दिसत होतं. "हिच्यात बसलं की माणूस हुकूम सोडायला लागतो," मेहुणा म्हणाला. याने हुकूम सोडला नाही. याने

पाण्यात पाय घातला. होडी जवळ आलीये. होडीतला माणूस नखाएवढा नाही, चांगला धिप्पाड आहे. "बस," तो म्हणतो. "नको, ड्यूटीवर आहे," हा म्हणतो. "मीही ड्यूटीवरच आहे," होडीवाला म्हणतो.

तिसरीला पाठच नव्हती, गुडघे टेकून बसायचं होतं. बाई म्हणाल्या, हिच्यावर जगात कोणाला झोप लागलेली नाही. दोनच मिनिटांत त्यांनी शब्द मागे घेतला.

चौथीत त्याला जाग आली ती आवाजाने नाही. काहीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून आली. बाईंनी आणि मेहुण्याने मिळून त्याची खुर्ची चाकांवरून ढकलत काचेपाशी नेली होती. बाहेर फुटपाथवर लोक थांबले होते. हातातल्या पिशव्या खाली ठेवून, डोकं जरा एका बाजूला कलतं करून, काचेपासून हातभर अंतरावर उभे राहून ते त्याच्याकडे बघत होते. त्यांना तो कळत नव्हता, पण बघावंसं वाटत होतं. एका छोट्या मुलीने काचेवर पंजा टेकवला. 'हात लावू नकोस बाळ' असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"बसा हो अजून थोडं," बाई मागून कुजबुजल्या. "तिघं आत येऊन भाव विचारून गेले."

तो उठला. कोणी बघत असताना झोपण्यात त्याला चोरी वाटली नाही, पण कोणी आपल्याकडे बघतं तेव्हा चित्राला कसं वाटत असेल हे त्याच्या आजवर डोक्यात आलं नव्हतं.

"खुर्ची कुणाला जागं ठेवत नाही, खरं सांगू?" बाई आता चष्मा काढून बोलल्या. "ती फक्त धरते. बाकी तुमचं तुम्ही." आणि त्यांनी कोपऱ्यातली साधी राखाडी खुर्ची पुढे ओढली. दांडी दाबून तिला खालीवर केली. पाय जमिनीला सपाट टेकले. गुडघ्यामागे त्यांनी स्वतःची मूठ घालून बघितली, एवढी जागा मोकळी हवी म्हणाल्या, नाहीतर शिरा दबतात. हात टेबलाच्या उंचीला आले. कंबर धरली गेली.

तो बसला. पोटऱ्यांमधलं ठणकणं हळूहळू खाली उतरलं आणि कुठेतरी निघून गेलं. एवढी वर्षं ते त्याच्याबरोबर होतं. ते गेलं तेव्हाच ते होतं हे त्याला कळलं.

"हीच," तो म्हणाला, आणि लगेच उठला, झोप यायच्या आत.

हात

खुर्चीने सकाळ सांभाळली. सकाळी तो ताठ बसे, ठिपका उगवला की टिपून काढे. दुपार मात्र हाताबाहेर जाई. दालनात छतातून येणारं ऊन नदीवर सरकत सरकत मधोमध आलं की त्याच्या पापण्या जड होत. गार पाणी, चिमटे, तोंडात लवंग, सगळं करून झालं. मेहुणा म्हणाला गाणी लावा. गाण्यांत तर आणखी छान झोप लागली.

"उद्या शेवटचं बघू, काका," साहेबीणबाई म्हणाल्या. "उद्याही चुकलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या उद्याच्या दुपारी ऊन पाण्यावर आलं. तो डोळे फाडून बघत होता. मागे बायकोचं मशीन चालू होतं, त्याची टकटक एका लयीत, वल्ह्यासारखी, पुढे, मागे, पुढे

"बस," होडीवाला म्हणाला.

"नको."

"अरे, पाय बघ तुझे."

त्याने पाहिलं. पाय पाण्याखाली होते आणि तळाच्या मातीत मुळं धरू लागले होते. मग तो होडीच्या काठाला धरून चढला आणि बसला. एवढंच. कोणी रागावलं नाही. अलीकडचा काठ दूर गेला. तिथे भिंत होती, भिंतीसमोर माणसं होती, नखाएवढी, आणि ती सगळी त्याच्याकडे बघत होती. त्यांना तो दिसत होता की नाही कोण जाणे. पाणी कशाचाही आवाज करत नव्हतं.

जाग आली तेव्हा पडद्यावर दालनातले दिवे मालवले जात होते. बंद व्हायची वेळ. अख्खी दुपार गेली होती.

"गेलं," तो म्हणाला. "गेलं दालन."

"काही गेलं नाही," बायको म्हणाली. ती त्याच्या शेजारी मशीनचं स्टूल ओढून बसली होती. मांडीवर कुणाची तरी विजार, डाव्या हातात सुई. उजव्या हाताचं बोट पडद्याच्या कोपऱ्यापाशी होतं. "तो पिवळा मेला येतच होता सारखा. मी दाबत होते."

"तू? सगळी दुपार?"

"बसून डोळे उघडे ठेवायला मला कोणी शिकवायला नको. उठवणार होते तुम्हाला. पण असे झोपला होतात..." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि हे काय हो, त्या नदीत पलीकडे कोणीतरी आहे ना? दिसत नाही, पण आहेसं वाटतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. आजवर ती दालनात कधी आली नव्हती.

फोन वाजला. "काका, शाबास! एकही ठिपका चुकला नाही आज. खुर्ची मानवली म्हणायची!"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. बायको मानेने खुणावतही होती, हो म्हणा, हो म्हणा.

"बाई," तो म्हणाला, "मी झोपलो होतो. जागी माझी बायको होती."

पलीकडून कागद सरकवल्यासारखा आवाज आला. "एका दालनाला मला एकच नाव घालता येतं, काका. तुमचं काढून त्यांचं घालू?"

बायकोने त्याचं मनगट धरलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. दिवे गेल्यावरही नदीचा थोडा उजेड मागे राहतो, तो अजून तिथे होता.

"घाला," तो म्हणाला.

आणि डोळे

सकाळी त्याने तिला खुर्चीत बसवलं. तिचे पाय अधांतरी राहिले, म्हणून दांडी दाबून खुर्ची खाली घेतली, तळवे जमिनीला लागेपर्यंत. गुडघ्यामागे मूठ घालून पाहिली. पाठीचा उंचवटा तिच्या कमरेच्या खळगीत आणून ठेवला.

"अहो, गुदगुल्या होतात."

"नीट बस. आणि लोकांच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. तोंडं सारखीच असतात."

"तुम्ही जाऊन पडा बघू. पाय वर घेऊन. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"जातो," तो म्हणाला, आणि दारापर्यंत जाऊन चौकटीला धरून उभा राहिला. तिथून पडदा छोटा दिसत होता. तिचे खांदे दिसत होते, विसावलेले, आणि तरी जागे. मशीन आज बंद होतं. पडद्यावर दालन उघडलं, माणसं आत आली. त्यातला एक गृहस्थ सावकाश पुढे गेला, आणखी पुढे, नाक जवळजवळ पाण्याला टेकेल इतका पुढे.

तिचा हात फोनकडे गेला नाही. ती खुर्चीत जराशी पुढे झाली, आणि शेजारच्याला सांगावं तसं हलकेच म्हणाली, "अहो, मागे व्हा ना."

नदीसमोरचा माणूस थबकला. इकडेतिकडे पाहिलं. आणि मागे झाला.

दारात उभा असलेला तोही एक पाऊल मागे सरला.