उसवलेली राहुटी

मित्रांनो, मला राहुटी म्हणावे की जुने फडके, ते तुम्हीच ठरवा. माझी एक बाजू जवसाच्या झिरझिरीत कापडाची, धुराने पिवळी पडलेली. दुसरी बाजू निळ्या पट्ट्यांची, कधीकाळी एका बाईचा परकर असलेली. दोन बाजूंना जोडणारी शिवण मात्र अजून घट्ट आहे. तिच्यासाठीच मी बोलायला बसले आहे.

माझा जवस फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ओल्या शेतात वाढला. कापड होऊन मी एर्वेच्या गाठोड्यातून समुद्र ओलांडला आणि तोर्तुगाच्या बेटावर उतरले. एर्वे शिडे शिवणारा खलाशी. जहाजावरच्या चाबकाला कंटाळून तो तिथे पळाला आणि चाच्यांत सामील झाला. त्या बेटावरच्या बहुतेकांची कहाणी अशीच होती. समोरच्या मोठ्या बेटावरच्या रानात रानगुरे मारायची, लाकडाच्या जाळीवर मांस धुरवायचे आणि स्पॅनिश जहाज दिसले की होड्या लोटायच्या.

त्या रानात डासांचे ढग असत. म्हणून शिकाऱ्यांच्या प्रत्येक जोडीकडे एक पातळ राहुटी असे. दिवसा ती गुंडाळून खांद्यावरून तिरपी बांधायची, सूर्य कलला की चार काठ्यांवर ताणायची. एर्वेने मला कापडाचे दोन पन्हे जोडून शिवले, मधोमध दुहेरी टाक्यांची शिवण घातली. शिवताना तो गुणगुणत असे:

सुई चालली पुढं पुढं, दोरा मागं मागं,
गडी माझा रानात, मी गड्याच्या संगं.

तो गडी म्हणजे गास्पार. एका मळेवाल्याकडे तीन वर्षे राबून सुटलेला, अंगात हाडे तेवढी उरलेली. तिथे दोन पुरुष जन्माची जोडी जुळवत. अशा जोडीदाराला ते 'मातलो' म्हणत. चारचौघांसमोर सांगायचे की माझे ते याचे, याचे ते माझे, आणि मागे राहील त्याचे सगळे. त्यानंतर दोघांची बंदूक एक, हंडी एक, अंथरूण एक. कुणी भुवई उंचावत नसे.

त्यांची जोडी जुळली तेव्हा साक्षीला तळावरचा म्हातारा आन्सेल्म होता. तो गास्पारला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "अरे एर्वे, दुसरा कुणी मिळाला नाही का? जरा वारा सुटला तर याला धरून ठेवावं लागेल!"

"धरीन की," एर्वे म्हणाला. "जन्मभर शिडंच धरलीत. हा त्या मानानं हलका आहे."

सगळे हसले. गास्पार कानापर्यंत लाल झाला, पण एर्वेचा हात त्याने सोडला नाही.

मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षे. एका दिवशी मी एकाच्या खांद्यावर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. त्यांचा घाम मला ओळखू येई. माझ्या आत ते भांडत, रुसत, एकमेकांच्या पायांतले काटे काढत. गास्पार झोपेत बडबडायचा आणि एर्वे त्याला खरोखरीची उत्तरे द्यायचा. बाहेर डास गुणगुणत बसत. मी एकालाही आत येऊ दिले नाही. माझे काम एवढेच होते आणि मला त्याचा गर्व होता.

मग एका चढाईत गास्पारच्या मांडीत गोळी शिरली. एर्वेने माझी झोळी केली, एक टोक आन्सेल्मच्या हाती दिले आणि दोघांनी त्याला अर्धा दिवस चिखलातून वाहून नेले. माझ्यावरचा त्याच्या रक्ताचा तपकिरी डाग कुठल्याच पाण्याने गेला नाही. गास्पार वाचला, पण पाय आखडला. त्यापुढे एर्वे दोघांची शिकार करू लागला.

"आज पुन्हा तूच?" गास्पार विचारी.

"तू मांस धुरव. माझ्या हातून नेहमी करपतं."

ते खोटे होते. एर्वेच्या हातून काहीच करपत नसे. गास्पारला हे कळत होते आणि तेच त्याला खात होते.

दोन वर्षांनी गव्हर्नरने दवंडी पिटवली. फ्रान्सहून मुलींनी भरलेले जहाज येत आहे. जो लग्न करील त्याला जमीन, कुदळ, बी-बियाणे मिळेल. पुरुषांच्या जोड्या त्याला खुपत होत्या. शेत नाही, पोरेबाळे नाहीत, अशी माणसे ताब्यात राहत नाहीत ना.

गास्पारने मनात धरले, मी गेलो की एर्वे मोकळा होईल. एर्वेने मनात धरले, याला शेत हवे आहे, आडवा येणारा मी कोण? दोघेही हा विचार माझ्या आत पडल्या पडल्या करीत, पाठीला पाठ लावून. मला दोन्ही बाजूंचे उसासे कळत. पण कापडाला तोंड नसते.

जोडी मोडायचीही तिथे रीत होती. साक्षीदारासमोर सगळ्याचे दोन सारखे वाटे करायचे. वाटे झाल्यावर एकाने दुसऱ्याला काही द्यायचे नाही. दिले, तर जोडी मोडलीच नाही असे धरत.

गास्पारने लग्नासाठी नाव दिले आणि एका सकाळी वाटे झाले. बंदूक एकीकडे, बंदुकीच्या दारूचे शिंग आणि हंडी दुसरीकडे. सुऱ्या सारख्या. शेवटी उरले मी.

"राहुटी तू घे," एर्वे म्हणाला. "जखम अजून चिघळते तुझी, माश्या बसतात."

"तू घे. रानात तुला राहायचंय."

आन्सेल्मने पाइप तोंडातून काढला. "एक मिनिट. हा देतोय, तोही देतोय. म्हणजे मोडायचीच नाही का तुम्हाला? तसं सांगा. मला कातडी वाळत घालायचीत."

एर्वे गास्पारकडे बघत राहिला. मित्रांनो, एका शब्दाचे काम होते. पण गास्पारला त्या नजरेत दया दिसली. दया नव्हती ती.

"कर दोन तुकडे," तो म्हणाला.

कापायला सुरीचा एक फटका पुरला असता. एर्वेने तसे केले नाही. तो सावलीत बसला आणि मधली शिवण उसवू लागला. एकेक टाका, सुईच्या टोकाने, दोरा न तोडता. सगळी दुपार त्याने त्यात घालवली. मध्ये मध्ये थांबायचा, मान वर करायचा. गास्पार काठी टेकून तिथेच उभा होता, समुद्राकडे तोंड करून. उन्हे कलली तेव्हा शेवटचा टाका निघाला आणि मी अर्धी झाले.

माझ्या दुसऱ्या अर्ध्याने पुढे काय पाहिले, ते मला माहीत नाही. मी गास्पारबरोबर तोर्तुगाला परत गेले.

त्याची बायको तिएनेत. ला रोशेलच्या अनाथालयात वाढलेली, हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. तिने तंबाखूचे वाफे केले, मका लावला, गास्पारच्या पायाला रोज तेल चोळले. मला तिने खिडकीला टांगले. अर्ध्या राहुटीचा दुसरा उपयोग तरी काय? डास दुसऱ्या बाजूने येतच होते.

सहा महिन्यांनी मला धुऊन वाळत घालताना तिचे बोट माझ्या कडेवर थांबले.

"अहो, इकडे या. ही कड कापलेली नाही, उसवलेली आहे."

"असेल."

"असेल काय? एवढी भोकं, आणि एकही फाटलेलं नाही. ज्यानं हे उसवलं ना, त्याला उसवायचं नव्हतं."

गास्पार उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने तिला सगळे सांगितले. तिएनेतने हातातला पिळलेला कपडा दोरीवर टाकला.

"मला जहाजात घातलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला त्यानं विचारलं होतं. अख्खी दुपार विचारत होता की तो!"

तिने पेटीतून आपला निळ्या पट्ट्यांचा परकर काढला. लग्नातला तेवढाच चांगला कपडा होता तिचा. तो उसवून, मापाने बेतून तिने माझ्या कडेला जोडला. तिने सुई त्याच जुन्या भोकांतून घातली.

"जा, घेऊन या त्याला. मका तिघांना पुरेल. आणि तुमच्या दोघांपैकी एकाला शिवता येतं, तेही बरंच आहे."

गास्पार मला खांद्यावर तिरपी बांधून निघाला. होडीने सामुद्रधुनी ओलांडली, मग दोन दिवस काठी टेकत रानातून चालला. वाटेत तो स्वतःशी काही घोकत होता, मोडत होता, पुन्हा घोकत होता.

तळावर आन्सेल्म कातड्यांना मीठ चोळत होता. त्याने वर पाहिले आणि त्याचे हात थांबले.

"आठ दिवस उशीर केलास, लंगड्या."

"कुठंय तो?"

आन्सेल्मने ओढ्यापलीकडे हात केला. तिथे ताजी माती होती.

"ताप," म्हातारा म्हणाला. "त्या अर्ध्या फडक्यात निजायचा. डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं. रात्रभर चापट्या मारायचा. आम्ही म्हटलं, बाबा, नवा मातलो कर, कुणाच्या तरी राहुटीत शीर. तर म्हणाला, आहे मला." आन्सेल्मने नाक ओढले. "त्यातच गुंडाळून ठेवलाय. दुसरं काही अंगावर घालू नका म्हणाला होता."

गास्पारने मला सोडले. चार काठ्या शोधून भर दुपारी त्या मातीवर ताणले. मग वाकून आत आला आणि वाटेत घोकलेले ते एकदाचे बोलला.

"जाऊ नको म्हण ना मला," तो मातीला म्हणाला. "एकदा म्हण. मी नाही जाणार."

तीन दिवस मी तिथे उभी होते. त्या तीन दिवसांत एकही डास आत आला नाही.

आता गास्पारही नाही. म्हातारी तिएनेत मला पेटीत तंबाखूच्या पानांत ठेवते आणि वर्षातून एकदा उन्हात घालते. नातवंडे विचारतात, आजी, हे दोन रंगांचं काय आहे? मग ती त्यांना एर्वेचे नाव सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुने कापड असेल तर ओले घडी करू नका, कसर लागू देऊ नका. उसवलेच तर त्याच भोकांतून शिवा, ते टिकते. आणि तुमच्यासमोर कुणी सबंध दुपार एकेक टाका काढत बसला असेल, तर समुद्राकडे तोंड करून उभे राहू नका. जवळ जा, आणि त्याचा हात धरा.