बावीस जणांची फुगडी

चेतनाने फुगडीवर रचना केली होती, तीही व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्या बावीस जणांच्या ऑर्केस्ट्रासाठी. आयुष्यातली पहिलीच रचना. पण दिल्लीत मंडी हाउसजवळच्या तालमीच्या खोलीत ती अशी वाजत होती, जणू सरकारी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर चाललीय. ऑर्केस्ट्राचे संचालक भटनागर सर कालच म्हणाले होते, "बेटा, कल तक इसमें जान नहीं आई, तो प्रोग्राम से निकाल दूँगा."

तेव्हापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून आज लक्ष्मीबाई नगरहून तिची आई, शालिनीताई, डबा घेऊन मागोमाग आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसून ऐकू लागल्या.

वाजवणं थांबलं तशी आईने तोंड वाकडं केलं. "अगं, पकवा कुठाय?"

"कसला पकवा?"

"तोंडाने घालतात तो! पक्, पक्! त्याच्यावरच तर फुगडी फिरते."

चेतनाचा चेहराच उतरला. बाईसाहेबांनी फुगडी व्हिडिओ बघून लिहिली होती आणि तो 'पक् पक्' मागचा गोंगाट समजून कॉम्प्युटरवर स्वच्छ पुसून टाकला होता!

"तू कधी खेळलीयस तरी का?"

"नाही."

"धन्य आहेस! चल, चपला काढ."

"आई, इथे? सगळ्यांसमोर? आणि तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे, मी बघून घेईन."

आईने पदर खोचला, लेकीच्या पावलाला पाऊल लावलं, हातांची अढी घालून तिचे हात धरले. चेतना लाजेने ताठ उभी.

"मागे झोक दे गं. मी धरलंय ना!"

तिने अंग मागे टाकलं आणि खोली गरगरली. आई पकवा घालत होती. प्रत्येक ठोका हात पुरते ताणले जाईपर्यंत थांबत होता, मगच पडत होता. कागदावर चेतनाने तो घाईघाईत उरकला होता.

मग तिने सगळ्यांना ठोक्याआधी जरा थांबायला आणि तोंडाने पकवा घालायला सांगितलं. आधी खसखस पिकली. पण दुसऱ्या खेपेला चेलो असे घुमले, की भटनागर सरांची टाच आपोआप हलू लागली.

"रहने दो प्रोग्राम में," ते म्हणाले. "पर आंटी रोज़ आएँगी."

आंटी खुर्चीत धापा टाकत होत्या. चेतना आनंदाने रडत त्यांच्यापाशी बसली. "खूप दुखतंय का गं?"

"दुखू दे." आईने तिचा हात घट्ट धरला. "तीस वर्षं झाली दिल्लीत येऊन. फुगडी काय एकटीने घालता येते? आज जोडीदारीण मिळाली."